ठसा कोणाच्या हाताचा? : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

हातमागाच्या आणि लाकडी ठशांनी छापलेल्या कापडाविषयी आपले प्रश्न पाठवावेत, असे आवाहन मागील अंकात केले होते. आलेल्या पत्रांपैकी बऱ्याच पत्रांचा सूर एकच होता : ‘आम्ही फसलो तर नाही ना?’ म्हणून या वेळी त्या शंकेला सर्वाधिक जागा दिली आहे. सारखे प्रश्न एकत्र केले असून पत्रलेखकांची नावे गाळली आहेत.

प्रश्न : एका प्रदर्शनातून मी ‘हातमागाची, हातछपाईची’ म्हणून एक सुती साडी २,८०० रुपयांना घेतली. घरी जाऊबाईंनी ती पाहताच ‘ही यंत्रावरची आहे’ असे सांगून टाकले. खरे-खोटे घरच्या घरी कसे ओळखावे? – एक वाचक, सांगली

उत्तर : आपल्या साडीच्या चिठ्ठीवर दोन दावे आहेत आणि ते वेगवेगळे तपासावे लागतील. हातमागाचा दावा विणीविषयी आहे आणि हातछपाईचा दावा रंगकामाविषयी. त्यांतला एक खरा निघाला म्हणून दुसरा आपोआप खरा ठरत नाही. आज बाजारात मिळणाऱ्या अस्सल ठशाच्या कापडांपैकी पुष्कळसे गिरणीच्या किंवा यंत्रमागाच्या कापडावरच छापलेले असते. जयपूरजवळच्या बगरू गावातला छीपा, म्हणजे छपाईचा पिढीजात धंदा करणारा कारागीर ठसा हातानेच मारतो, परंतु त्याच्या समोर पसरलेले पांढरे कॅम्ब्रिक, म्हणजे तलम सुती कापड, अनेकदा यंत्रमागावरून आलेले असते. तो ते लपवतही नाही. ‘हातमाग’ हा शब्द त्या कापडाला पुढे कुठेतरी, विक्रीच्या वाटेवर चिकटतो. खादीचा दावा तर याच्याही पलीकडचा आहे, कारण कायद्याने खादी म्हणजे हाताने कातलेल्या सुताचे आणि हातमागावर विणलेले कापड. त्यामुळे सूत कोणी कातले, कापड कोणी विणले आणि ते कोणी छापले, हे तीन प्रश्न दुकानात सुटे सुटे विचारावेत. विक्रेता तिन्हींना एकाच दमात ‘सगळं हाताचंच आहे, ताई’ असे उत्तर देऊ लागला, तर सावध व्हावे.

आधी वीण पाहू. साडी उजेडाकडे धरून तिची कड न्याहाळावी. धोट्याने, म्हणजे आडवा धागा इकडून तिकडे नेणाऱ्या साधनाने, विणलेल्या कापडात तो आडवा धागा, म्हणजे बाणा, कडेपर्यंत जाऊन वळतो आणि परत येतो. कडेला कापलेल्या धाग्यांची बारीक झालर दिसली, तर ते कापड बिनधोट्याच्या आधुनिक मागावरचे आहे, हातमागाचे नव्हे. मात्र उलट बाजूने हा नियम चालत नाही. इचलकरंजी, मालेगाव, भिवंडी येथील जुन्या, धोट्याच्या यंत्रमागांवरही कड अशीच सलग येते, त्यामुळे सलग कड पाहून लगेच निर्धास्त होऊ नये. हातमागावर फणीचा ठोका माणसाच्या हाताचा असतो, म्हणून बाण्याच्या ओळी कुठे किंचित दाट तर कुठे किंचित विरळ दिसतात. पण चांगल्या विणकराच्या कापडात हा फरकही जवळजवळ नाहीसा होतो. खरे सांगायचे, तर साध्या विणीच्या तलम सुती कापडात हातमाग आणि यंत्रमाग यांतला फरक नुसत्या डोळ्यांनी ओळखणे जाणकारांनाही अवघड जाते. म्हणूनच २००६ मध्ये केंद्र सरकारने ‘हँडलूम मार्क’ ही खूण सुरू केली. विणीच्या बाबतीत जाऊबाईंच्या नजरेपेक्षा त्या खुणेवर भरवसा ठेवावा, असे मी सुचवेन.

छपाईच्या बाबतीत मात्र नजर पुष्कळ काही सांगू शकते. साडी जमिनीवर पूर्ण पसरावी आणि नक्षीत एखादी चूक शोधावी. समजा, एका फुलाचा लाल रंग त्याच्या काळ्या रेषेबाहेर डावीकडे थोडा सरकला आहे. आता ठराविक अंतरावर तेच फूल पुन्हा येईल, तिथे पाहावे. तिथेही लाल रंग डावीकडे तेवढाच सरकलेला असेल, त्याच्या पुढच्या फुलातही तसाच असेल, तर ती चूक छपाईच्या स्क्रीनमध्ये, म्हणजे नक्षीच्या जाळीदार चौकटीत, किंवा संगणकावरच्या चित्रात आहे. हाताची चूक अशी पाठोपाठ येत नाही. एका फुलात रंग डावीकडे गेला, तर पुढच्यात तो नेमका बसतो आणि त्याच्या पुढच्यात खाली उतरतो, कारण प्रत्येक रंगाचा ठसा वेगळा असतो आणि तो दर वेळी नव्याने टेकवावा लागतो. बाह्यरेषेच्या ठशाला रेख, पार्श्वभूमी भरणाऱ्या ठशाला गद आणि आतला रंग भरणाऱ्या ठशाला दत्ता म्हणतात. तीन रंगांची नक्षी असेल, तर एकाच जागी तीनदा ठसा बसतो. हल्ली ‘हाताचा भास’ यावा म्हणून स्क्रीनमध्ये मुद्दाम चुका घालतात, असे अनेकांच्या लक्षात येत नाही. त्या चुका वरील पद्धतीने लगेच पकडता येतात. पदराचा कोपराही पाहावा. उभी किनार आडवीला जिथे मिळते, तिथे ठसेवाल्याला एखादे अर्धे फूल बसवताना कसरत करावी लागते, आणि ती तडजोड चारही कोपऱ्यांत सहसा सारखी नसते.

आपल्या साडीत ही तडजोड सापडली, तर ती जाऊबाईंना अवश्य दाखवावी.

प्रश्न : कच्छच्या सहलीत अजरखची एक ओढणी आवडली, पण तिची किंमत ३,५०० रुपये होती. तशीच दिसणारी ओढणी आमच्याकडे ४०० रुपयांत मिळते. एवढा फरक नावाचा की कामाचा? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : फरक कामाचा आहे आणि त्यातही बराचसा न दिसणाऱ्या कामाचा. अजरख म्हणजे लाकडी ठशांनी छापून मुख्यतः निळ्या-लाल रंगांत रंगवलेले कच्छ-सिंधकडचे कापड. ते पाहताना आपल्या डोळ्यांपुढे ठसा मारणारा हात येतो, परंतु त्या कापडाच्या आयुष्यातला मोठा काळ भिजण्यात, वाळण्यात आणि धुतले जाण्यात जातो.

कोरे कापड आधी खळ काढण्यासाठी धुतात. मग सोडा, एरंडेल आणि उंटाची लीद यांच्या पाण्यात ते भिजवून, पिळून, उन्हात वाळवून पुन्हा भिजवतात. असे काही दिवस चालते. त्यानंतर ते हिरड्याच्या पाण्यात बुडवतात आणि वाळल्यावर त्याला फिकट पिवळी झाक येते. आपल्याकडे हिरड्याच्या एका प्रकाराला ‘रंगारी हिरडा’ असे नावच आहे. हे फळ रंगाऱ्याच्या किती कामाचे होते, ते त्या नावावरून कळते. या पिवळसर कापडावर पहिला ठसा रंगाचा नसतोच. तो चुना आणि डिंक यांचा असतो आणि जिथे तो बसतो ती जागा शेवटपर्यंत पांढरी राहते. काळ्या रेषेसाठी गंजलेले लोखंड आणि गूळ पाण्यात घालून दोन-तीन आठवडे आंबवतात, ते पाणी गाळून चिंचोक्याच्या पिठाने दाट करतात आणि मग छापतात. लाल भागासाठी तुरटीचे मिश्रण छापतात. ते छापताना लाल नसतेच. कापड आल (मुळांपासून लाल रंग देणारे झाड) किंवा मंजिष्ठेच्या जातीच्या रंगात उकळले, की तुरटी जिथे असते तिथेच लाल चढतो आणि बाकीच्या जागेवरून धुऊन जातो. निळा येतो नीळीच्या हौदातून. हौदातून वर काढलेले कापड हिरवट पिवळे असते आणि ते हातात धरून उभे असतानाच हवा लागून आपल्या डोळ्यांदेखत निळे होऊ लागते. मी हे पहिल्यांदा पाहिले, तेव्हा कारागिराशी चाललेले बोलणे मध्येच थांबले होते आणि त्याला त्याची सवय असावी, कारण निळा पूर्ण चढेपर्यंत तो शांत उभा राहिला.

प्रत्येक टप्प्यानंतर धुणे आणि वाळवणे आलेच. सारे मिळून चौदा ते सोळा टप्पे होतात आणि हवा साथ देत असेल, तरी तीन आठवडे सहज जातात. पावसाळ्यात काम रेंगाळते. आपण पाहिलेली चारशे रुपयांची ओढणी यंत्रावर काही मिनिटांत छापून होते. तिच्यावर चित्र अजरखचे आहे एवढेच.

कच्छमधील धमडका हे अजरखचे जुने गाव. सिंधमधून आलेले खत्री कारागीर तेथे वाहत्या पाण्याच्या आधाराने स्थिरावले. गेल्या शतकात स्वस्त रासायनिक रंगांनी हे काम जवळजवळ गिळले होते. १९७० च्या दशकात महंमद सिद्दिक खत्री यांनी वनस्पतिजन्य रंगांची पद्धत पुन्हा उभी केली आणि ती आपल्या मुलांना शिकवली. पुढे २६ जानेवारी २००१ चा भूकंप झाला. घरे पडलीच, पण त्यापेक्षा चमत्कारिक संकट पाण्याचे होते : भूगर्भातील पाण्यात लोहाचे प्रमाण वाढले. लोह म्हणजे काळा रंग, हे वर आलेच आहे. असे पाणी वापरले की लाल मळकट होतो आणि पांढरा पिवळा पडतो. तेव्हा अनेक कुटुंबांनी भूजजवळ जमीन घेऊन नवे गाव वसवले आणि त्याचे नाव अजरखपूर ठेवले. महंमद सिद्दिक यांचे पुत्र इस्माईल खत्री यांचा त्यात पुढाकार होता. त्यांना इंग्लंडमधील डी मॉन्टफोर्ट विद्यापीठाने मानद डॉक्टरेट दिली आहे. एका कलेसाठी अख्खे गाव पाण्याच्या मागे हलले, अशी उदाहरणे फारशी नाहीत.

आता किमतीकडे येऊ. महाग वस्तू घेतली म्हणजे कारागिराचे भले झाले, असे समजण्याचे कारण नाही. २०१९-२० च्या हातमाग गणनेनुसार देशात सुमारे ३५ लाख लोक या व्यवसायात आहेत, त्यांत बहुसंख्य स्त्रिया आहेत आणि विणकर कुटुंबांपैकी जवळजवळ दोन-तृतीयांश कुटुंबांचे मासिक उत्पन्न ५,००० रुपयांहून कमी आहे. शहरातील वातानुकूलित दुकानात तीच ओढणी सात हजारांना घेतली, तर वरचे साडेतीन हजार बहुतेक भाड्यात आणि दिव्यांत जातात. आपण कच्छमध्ये थेट कारागिराकडे उभ्या होतात, ही संधी होती. पुढच्या वेळी घासाघीस करण्याऐवजी ‘हिला किती दिवस लागले?’ एवढे विचारून पाहावे. उत्तर द्यायला कारागीर बहुधा आनंदाने तयार असतात, आणि ते ऐकल्यावर किंमत कमी करा असे म्हणायला जीभ रेटत नाही.

प्रश्न : अजरखचा कुर्ता पहिल्याच धुण्यात निळा रंग सोडू लागला. आईने मिठाच्या पाण्यात आणि नंतर व्हिनेगरच्या पाण्यात भिजवायला सांगितले. रंग कच्चा आहे का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : व्हिनेगर कृपया वापरू नये. कपड्यावरचा गंजाचा डाग काढायला आपण लिंबू-मीठ चोळतो. अजरखच्या काळ्या रेषेत तोच गंज हिरड्याशी संयोग पावून बसलेला असतो. जे आम्ल डाग काढते ते रेषाही काढते.

मिठाने नुकसान नाही, तसा फायदाही नाही. काही रंगांना रंगवतेवेळी मिठाची मदत होते, हे खरे. त्यावरून आलेला हा घरगुती उपाय असावा. रंगवून झालेल्या कापडाचा सुटणारा रंग मिठाने पक्का होत नाही.

नीळ हा धाग्याच्या आत विरघळून बसणारा रंग नाही. तिचे कण धाग्यात आणि त्याच्या पृष्ठभागावर अडकून राहतात, म्हणून सैल कण पहिल्या तीन-चार धुण्यांत निघून जातात आणि घासल्यावर हातालाही थोडे निळे लागते. हे कच्च्या रंगाचे लक्षण मानू नये. लाल रंग मात्र दोन-तीन धुण्यांनंतरही पाण्यात उतरत राहिला, तर कापड रंगवल्यावर नीट धुतलेले नाही किंवा रंगच हलका वापरला आहे, असे समजावे आणि विक्रेत्याकडे तक्रार करावी.

कुर्ता वेगळा, थंड पाण्यात, रिठ्याच्या पाण्याने किंवा सौम्य साबणाने धुवावा, फार वेळ भिजत ठेवू नये आणि उलटा करून सावलीत वाळवावा. एक गोष्ट आपल्या हातात नाही : लोखंडाचा काळा रंग वर्षानुवर्षांनी धाग्याला दुबळे करतो. संग्रहालयांतील जुन्या छापील वस्त्रांत पुष्कळदा काळ्या रेषेच्या जागीच कापड विरलेले दिसते. आमच्या घरी एक जुने जाजम होते, त्यातली फुले शाबूत होती आणि त्यांच्या कडा तेवढ्या झडल्या होत्या. लहानपणी आम्ही त्या भोकांतून बोटे घालून फुले उचलून धरीत असू. आपल्या कुर्त्याला ती वेळ यायला पुष्कळ अवकाश आहे.

प्रश्न : मी वस्त्रसंकल्पनेची विद्यार्थिनी आहे. पारंपरिक ठशांची नक्षी संगणकावर घेऊन डिजिटल छपाई केली, तर ती स्वस्तात जास्त लोकांपर्यंत पोहोचेल. यात परंपरेचे नुकसान काय? – एक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : नक्षी कोणाच्याच मालकीची नाही, त्यामुळे ती वापरण्याला माझा विरोध नाही. त्या छपाईला आपण नाव काय देणार, यावर माझे उत्तर अवलंबून आहे.

कायद्याची स्थिती आधी पाहू. भौगोलिक निर्देशांकाचा कायदा १९९९ चा आणि तो अमलात आला २००३ मध्ये. जयपूरकडच्या सांगानेरी आणि बगरू छपाईला, तसेच मध्य प्रदेशातील बाग गावच्या छपाईला त्याखाली नोंदणी मिळाली आहे. कच्छच्या अजरखला ती २०२४ मध्ये मिळाली. ही नोंदणी नावाचे आणि त्या प्रदेशातील पद्धतीचे रक्षण करते. एखादी वेल किंवा चौकटीतली चांदणी कोणी काढू नये, असे ती सांगत नाही. म्हणजे आपण चांदणी छापू शकता, पण त्या कापडाला ‘अजरख’ म्हणून विकता येत नाही. व्यवहारात हे सर्रास घडते आणि पकडले क्वचितच जाते. आपल्याकडेही वेगळे चित्र नाही. पैठणीवरचा मोर विणकर धाग्याधाग्याने विणतो, तो छापला जात नाही. तरी छापील मोरांच्या पॉलिस्टर साड्या लग्नसराईत ‘पैठणी’ म्हणून ढिगाने विकल्या जातात आणि येवल्याच्या विणकराला गिऱ्हाइकापुढे आपल्या किमतीचे समर्थन करत बसावे लागते. नुकसान कुठे होते म्हणून आपण विचारता, ते नेमके इथे होते. ज्याने दोनदा खोटी वस्तू खऱ्या नावाने घेतली, तो तिसऱ्यांदा खऱ्या वस्तूपुढे उभा राहिला तरी विश्वास ठेवत नाही.

आपल्या अभ्यासासाठी आणखी एक सुचवते. गांधीनगरजवळच्या पेथापूरला जाऊन ठसे कोरणाऱ्यांचे काम पाहावे. सागाचा किंवा शिसवीचा ठोकळा सपाट करून त्यावर नक्षी उतरवतात, बारीक छिन्नीने कोरतात आणि मोठ्या ठशात आरपार छिद्रे पाडतात, म्हणजे ठसा टेकवताना हवा आत कोंडत नाही आणि जादा रंगाला वाट मिळते. तयार ठसा काही दिवस तेलात भिजत ठेवतात. छापणाऱ्यांना निदान प्रदर्शने आणि पुरस्कार आहेत, पण कोरणाऱ्याचे नाव कापडावर कुठेच येत नाही. आपण नवी नक्षी संगणकावर जरूर काढावी, आणि ती कोरून घेण्यासाठी पेथापूरला पाठवावी. एका नव्या ठशाची मागणी आली, की कोरणारा, छापणारा आणि रंगवणारा अशा तिघांना काम मिळते.

प्रश्न : भारतीय छापील कापडावर इंग्लंडमध्ये बंदी होती, असे येथील एका संग्रहालयात वाचले. हे खरे आहे का? – एक वाचक, लंडन

उत्तर : होय. १७०० आणि १७२१ च्या कायद्यांनी तेथे छापील सुती कापडावर निर्बंध आले, आणि फ्रान्सने तर १६८६ ते १७५९ अशी दीर्घ बंदी घातली होती. आपल्या रंगाऱ्यांना तुरटी आणि लोखंड वापरून सुतावर धुतला तरी न जाणारा रंग चढवता येत होता. तिकडच्या लोकर आणि रेशीम विणणाऱ्यांना त्याचीच धास्ती होती. या व्यापाराचा इतिहास त्याहूनही बराच जुना आहे : इजिप्तमध्ये जुन्या कैरोतील फुस्तात येथे गुजरातेतून गेलेल्या ठसेछाप सुती कापडाचे मध्ययुगीन तुकडे सापडले आहेत. सवड काढून ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयात ते पाहावेत. त्यांतल्या काही नक्ष्या आजच्या अजरखच्या सख्ख्या बहिणी शोभतात. इंग्रजीतला ‘चिंट्झ’ आणि आपल्या आजीच्या बोलण्यातली ‘चिटाची’ चोळी हे शब्दही एकाच घरचे.

प्रश्न : राजस्थान, गुजरात, आंध्र येथील छपाईविषयी सगळे बोलतात. महाराष्ट्रात ही कला नव्हतीच का? – एक निवृत्त शिक्षक, अमरावती

उत्तर : होती, पण बगरू किंवा मच्छलीपट्टणमसारखे छपाईवरून ओळखले जाणारे मोठे केंद्र आपल्याकडे टिकले नाही. महाराष्ट्राची ओळख विणीत आहे : पैठणी, हिमरू, विदर्भातील टसरची करवतकाठी, सोलापूरची चादर. रंगवण्याचे आणि छापण्याचे काम गावोगावी रंगारी करीत आणि भावसार समाजाचा तर तो परंपरागत व्यवसायच होता. गणेशोत्सवाच्या इतिहासात ज्यांचे नाव येते ते पुण्याचे भाऊसाहेब रंगारी मूळचे जावळे. ‘रंगारी’ हे नाव घराण्याच्या धंद्यावरून आले.

आपण अमरावतीचे आहात म्हणून मुद्दाम सांगते : वऱ्हाड-खानदेशात पूर्वी आलची लागवड होत असे. या झाडाच्या मुळांपासून लाल रंग निघे आणि तुरटीच्या साहाय्याने तो सुतावर चढवीत. ‘आलवण’ हा शब्द त्या आलपासून आला. विधवेला नेसायला लावलेल्या तांबड्या लुगड्याचे ते नाव झाल्याने त्याची आठवण सुखाची नाही, परंतु आपल्या भागातल्या एका शेतीमालाचा आणि एका धंद्याचा तो शेवटचा पुरावा आज शब्दकोशात उरला आहे. १८६८ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञांना मंजिष्ठेच्या जातीच्या वनस्पतीच्या मुळांतील अलिझारिन हे लाल रंगद्रव्य प्रयोगशाळेत तयार करता आले आणि पुढच्या काही दशकांत स्वस्त डब्यांतून आलेल्या त्या लालीपुढे आलची शेती टिकली नाही. नीळीचेही १८९७ नंतर तेच झाले. गंमत अशी की आज अजरखचे आणि बागचे अनेक कारागीर ते अलिझारिनच वापरतात. त्यांना कोणी ‘अशुद्ध’ म्हणू लागले, तर मला ते पटत नाही. तुरटी, हिरडा, ठसा आणि धुणे ही सारी पद्धत तीच आहे. फक्त विक्रेत्याने त्याला ‘शंभर टक्के वनस्पतिजन्य’ म्हणू नये.

प्रश्न : आमच्या बचत गटातील अकरा जणींना ठसेछपाई शिकायची आहे. एका प्रशिक्षकाने आठवडाभरात ‘बगरू प्रिंट’ शिकवण्याचे कबूल केले आहे. पैसे गुंतवावेत का? – एक वाचक, वाई

उत्तर : ठसा नीट टेकवायला आठवड्यात शिकता येईल. बगरूची छपाई मात्र आठवड्यात शिकता येणार नाही आणि ती वाईत होणारही नाही. तिथली दाबूची पद्धत, म्हणजे माती, चुना, डिंक आणि कीड लागलेल्या गव्हाचे पीठ यांचा लेप छापून नीळीत बुडवणे, ही पिढ्यांच्या सरावाची आणि भरपूर मोकळ्या जागेची गोष्ट आहे. प्रशिक्षकाने नाव मोठे घेतले आहे. काम त्याहून साधे आहे, आणि आपल्यासाठी ते साधे असणेच बरे.

सुरुवात पिग्मेंट रंगांनी, म्हणजे कापडाच्या पृष्ठभागावर बसणाऱ्या तयार रंगांनी करावी. ते बाइंडरमध्ये, म्हणजे रंग कापडाला चिकटवणाऱ्या द्रावणात मिसळून छापतात आणि इस्त्रीच्या किंवा भट्टीच्या उष्णतेने पक्के करतात, त्यामुळे धुण्याचे पाणी फार थोडे लागते. उकळण्याचे आणि बुडवण्याचे रंग घेण्याआधी रंगीत पाणी कुठे सोडणार, हे ठरवल्याशिवाय पुढे जाऊ नये. आपल्याकडे ते कृष्णेकडे जाणार. सांगानेरला हाच प्रश्न किती वर्षे चिघळला, ते तेथील लोक सांगतील.

पहिल्या वर्षी उशांचे अभ्रे, टेबलक्लॉथ आणि फार तर ओढणी एवढेच करावे. साडीच्या लांबीत साडेपाच मीटर एकसारखा हात ठेवणे नवख्या माणसाला जमत नाही आणि एक डाग पडला की सगळी साडी वाया जाते. ठसे थोडे पण चांगले घ्यावेत. एक किनारीचा, एक बुट्टीचा आणि त्यांचे रंग भरणारे दोन एवढे पुरतात. छपाईचे टेबल कमरेपर्यंत उंच असावे आणि त्यावर गोणपाटाचे व कापडाचे जाड थर ताणून बसवावेत, नाहीतर ठसा सगळीकडे सारखा उमटत नाही आणि महिन्याभरात अकराही जणींची पाठ धरते. प्रत्येकीने केलेल्या कामाचे तास वहीत लिहून ठेवावेत, कारण किंमत ठरवताना कापडाचा आणि रंगाचा खर्च सगळ्यांना आठवतो आणि आपलाच वेळ धरायचा राहून जातो.

नक्षी वाईतली शोधावी. घाटाच्या पायऱ्या आहेत, जुन्या वाड्यांच्या चौकटींवरचे कोरीवकाम आहे. चिठ्ठीवर बगरूचे नाव घालू नये. ‘वाई येथे हाताने छापलेले. कापड यंत्रमागाचे, इचलकरंजी’ एवढे मराठीत ठळक छापावे आणि खाली जिने छापले तिचे नाव हाताने लिहावे.